दसऱ्याचं गाणं काढताय? आधी कागद काढा

नागपुरात गाण्याचा मोठा हंगाम दसऱ्याला येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या वाटांवर पुस्तकांच्या शेजारी गाणीही विकायला असतात. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी, मग शेकडो गाणी भरलेला पेनड्राइव्ह. आता रहाटे कॉलनी चौकातून चालत येणाऱ्या पोराचं गाणं मोबाईलमध्येच असतं. लोकांचं ऐकणं कमी झालेलं नाही, उलट वाढलंच आहे. तरी गायकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘व्ह्यूज लाखावर गेले, पैशाचं काही समजलं नाही.’

दर कमी आहेत, हे खरंच. पण बहुतेक वेळा गोष्ट दरापर्यंत जातच नाही. ज्या नावावर पैसा जमा व्हायचा, ते नावच कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून खालची कृती. ती भीमगीत डोळ्यापुढे ठेवून लिहिली आहे, कारण आपल्याकडे नव्या गाण्याला सर्वांत मोठा श्रोता तिथे आहे. गझल, भजन किंवा झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं असलं तरी पायऱ्या याच. सुरुवात दसऱ्याच्या तीन-साडेतीन महिने आधी करा. नवरात्र बसल्यावर स्टुडिओत उभं राहायला जागा नसते.

साहित्य

आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. पोस्टरवर ‘सुरसम्राट’ लावा, फॉर्मवर नको. गाणाऱ्या पार्टीच्या नावाचं नवं जीमेल, ज्याचा पासवर्ड तुम्हाला पाठ आहे. भाच्याने काढून दिलेलं, भाच्याच्याच नंबरावर चालणारं जीमेल चालणार नाही. भाचा पुण्याला नोकरीला लागतो आणि चॅनेल त्याच्यासोबत जातं, हे अनेक घरांत झालेलं आहे. शिवाय एक जाड वही.

पहिली पायरी: चाल तपासा

सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची आपली जुनी सवय. भजनी मंडळांत आहे, जयंतीच्या गाण्यांत आहे, दुय्यम कव्वालीच्या सामन्यात तर समोरच्याला चीत करायला चालू चित्रपटाची चाल उचलणं हे कसबच मानतात. मैदानात ते शोभतं. यूट्यूबवर टाकलं की कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चाल ओळखते, मूळ कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. शब्द तुमचे, गळा तुमचा, स्टुडिओचं भाडं तुमचं, कमाई मुंबईच्या कंपनीची. त्यामुळे विकायचं गाणं असेल तर चाल स्वतःची बांधा.

जुन्या शायरांच्या रचनांचंही तसंच. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे २०६४ संपेपर्यंत वारसांची किंवा ज्यांना हक्क दिले असतील त्यांची परवानगी लागते. सुरेश भट २००३ साली गेले, त्यांच्या गझलांना २०६३. ‘समाजाचं गाणं आहे, सगळ्यांचं आहे’ हे भावनेने बरोबर आहे, पण मंच वेगळा आणि रेकॉर्डिंग वेगळं. निनावी लोकगीत मात्र खुशाल घ्या.

इंटरनेटवरून ‘फ्री’ म्हणून उतरवलेला ठेका किंवा लूप वापरलात तर तोच लूप दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावावर नोंदवलेला असू शकतो, आणि दावा तुमच्यावर येतो. ढोलकीवाला बोलवा. स्वस्त पडत नाही, पण गाण्याचा मालक कोण हा प्रश्न उरत नाही.

दुसरी पायरी: रेकॉर्डिंगच्या दिवशीच हिस्सापत्र

ही पायरी सगळ्यात जास्त लोक टाळतात, आणि पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे, म्हणून इथे थांबतो.

एका गाण्याचे दोन सातबारे असतात. एक शब्द आणि चालीचा, तो गीतकार-संगीतकाराचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो मुद्रण घडवून आणणाऱ्याचा, म्हणजे सहसा ज्याने पैसा लावला त्याचा. गायकाचा या दोन्हींत जमिनीवर हक्क नाही, पण गाण्याचा व्यापारी वापर झाला की कलाकार म्हणून रॉयल्टीचा हक्क आहे. हे दोन कागद मिसळले की भांडण सुरू होतं. गीतकार म्हणतो गाणं माझं, पैसे लावणारा म्हणतो माझं, आणि दोघंही बरोबर असतात.

इंदोऱ्याच्या एका जुन्या शायरांपुढे मी हिस्सापत्र ठेवलं तर त्यांनी मला ठणकावलं, ‘नाव काहून लिहून मांगता बाप्पा? शेवटच्या अंतऱ्यात हाय ना माह्यं नाव!’ खरं आहे. शाहीर-शायरांनी पिढ्यान्‌पिढ्या शेवटच्या कडव्यात नाव गुंफून आपली मालकी सांगितली. अडचण एवढीच की पैसे वाटणारी मशीन अंतरा ऐकत नाही, रकाना वाचते.

साध्या मराठीत एवढं लिहा:

‘आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की (गाण्याचं नाव) हे गाणं दिनांक अमुक रोजी नागपूर मुक्कामी ध्वनिमुद्रित झालं. शब्द अमुक यांचे, चाल अमुक यांची, गायन अमुक यांचं. शब्द-चालीच्या हक्कात गीतकार ५०, संगीतकार ५० टक्के. मुद्रणाचा खर्च रुपये इतके, तो अमुक यांनी केला. मुद्रणाच्या कमाईतून हा खर्च आधी वळता होईल, नंतर खर्च करणारा, गायक, गीतकार, संगीतकार यांची वाटणी अशी-अशी. ढोलकी, बेंजो, कीबोर्ड, कोरस यांना ठरलेली रक्कम आज पोचली. मुदत पाच वर्षं. व्हिडिओ, कॉलर ट्यून, रील यांना हीच वाटणी लागू.’

खाली सह्या, साक्षीदार, प्रत्येकाचा पॅन. मुद्रांकावर केलंत तर उत्तम. ते जमलं नाही तर साध्या कागदावर करा, फोटो काढा आणि त्याच जागी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. तारीख आपोआप पडते. वादकांची नावंही लिहा, कारण पुढे सातव्या पायरीत त्यांना ती लागणार आहेत. हे सगळं गायक माइकसमोर जायच्या आधी करायचं. गाणं चांगलं झाल्यावर सही मागितली की प्रत्येकाला आपला वाटा मोठा वाटायला लागतो.

तिसरी पायरी: स्टुडिओतून काय घेऊन निघायचं

एमपी३ नव्हे, डब्ल्यूएव्ही फाइल. सोबत गायकाचा आवाज वगळलेला ट्रॅक, आणि प्रत्येक वाद्याचे वेगळे ट्रॅक. हे त्याच दिवशी मागा, दोन वर्षांनी स्टुडिओवाल्याची हार्ड डिस्क उडालेली असते. बिनआवाजाचा ट्रॅक कार्यक्रमाला कामी येतो, आणि गाणं चाललं तर तोच कराओकेवाल्यांना विकता येतो.

चौथी पायरी: कंपनीला द्यायचं की स्वतः काढायचं

आपल्या भागात गाणी घेणारे चॅनेलवाले आहेत. काही सरळ आहेत. पद्धत अशी की हातात थोडी रोख ठेवतात, व्हिडिओ त्यांचा, आणि एका पानावर ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. मुदत लिहिली आहे का? लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला आहे का? नसेल तर फक्त भारत. आणि गीतकार-संगीतकारांनी हे लक्षात ठेवावं की २०१२च्या दुरुस्तीपासून रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. तशी सही केली तरी ती टिकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो, एवढाच अपवाद. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या गाण्याचा पहिला मालक निर्माता ठरवला होता. तिथून २०१२पर्यंत यायला जावेद अख्तरांसारख्यांना संसदेत भांडावं लागलं. ते भांडण तुमच्या वतीनेही झालेलं आहे, वापरा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन गाणी स्वतः काढा. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, राउटनोट असे वितरक आहेत. कोणी वर्षाची फी घेतो, कोणी कमाईतला टक्का. वर्षाची फी असेल तर एक विचारा: फी चुकली तर गाणं उतरवणार का?

पाचवी पायरी: वितरकाचा फॉर्म

दसऱ्याच्या किमान चार आठवडे आधी भरा. गायकाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि बदलू नका. एक अक्षर बदललं की मशीनच्या लेखी दुसरा माणूस जन्मतो आणि तुमचे श्रोते दोन पानांवर विभागले जातात. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात पूर्ण नावं, हिस्सापत्रात आहेत तशीच. भाषा मराठी निवडा. हिंदी निवडलंत की गाणं हजारोंच्या गर्दीत पडतं. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवा. कॉलर ट्यून, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्यापुढे खूण करा. १४ एप्रिलची भीमजयंती जवळ आली की लोक रील बनवतात, आणि तुमचं गाणं त्या यादीत नसेल तर ते कोणाच्या तरी मोबाईलवरून चोरून चिकटवतात.

स्पॉटिफायवर कलाकाराचं खातं उघडून गाणं येण्याच्या निदान सात दिवस आधी संपादकांकडे पाठवता येतं, फुकट आहे. पण तिथे फार आशा ठेवू नका. २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय रॉयल्टीच देत नाही.

सहावी पायरी: यूट्यूब

आपल्या श्रोत्याचं गाव यूट्यूब आहे. जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर तर लागतातच, शिवाय बारा महिन्यांत ४००० तासांचं पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. एक गाणं टाकून ४००० तास होत नाहीत. कार्यक्रमांची ध्वनिचित्रमुद्रणं, रियाजाचे तुकडे, गाणं कसं सुचलं यावर दहा मिनिटं बोलणं, असं काहीबाही वर्षभर टाकत राहावं लागतं. लोक शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून शीर्षक देवनागरी आणि रोमन दोन्हींत द्या.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. वितरकाकडे कंटेंट आयडीची खूण केली असेल तर तुमच्याच चॅनेलवरच्या तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच वितरकाचा दावा लागतो. वितरकाला चॅनेलचा दुवा पाठवून तेवढं चॅनेल मोकळं करून घ्यायचं. दुसऱ्यांनी तुमचं गाणं टाकलं तर मात्र तो दावा राहू द्या. व्हिडिओ त्यांचा, जाहिरातीचा पैसा तुमच्याकडे.

अ‍ॅडसेन्समध्ये दहा डॉलर जमले की घरी टपालाने पिन येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा, वॉर्ड आणि खूण घालून. पैसे १०० डॉलर झाल्याशिवाय सुटत नाहीत. अमेरिकेचा कराचा फॉर्म येतो तो टाळू नका. भारत-अमेरिका करारानुसार भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के जातात. भरलाच नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्के कापले जाऊ शकतात.

सातवी पायरी: दोन संस्था

गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस. संस्था १९६९ची, २०१७मध्ये कॉपीराइट संस्था म्हणून तिची पुन्हा नोंदणी झाली. रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, हॉटेलं, तिकीट लावलेले कार्यक्रम यांतून शब्द-चालीची रॉयल्टी ती गोळा करते. सदस्य झालात म्हणजे संपलं नाही, प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं. न नोंदवलेल्या गाण्याचा पैसा तुम्हाला शोधत येत नाही. गायकांची संस्था वेगळी: २०१३ साली गायकांनी इसरा काढली, आता वादकांनाही घेऊन ती इसाम्रा झाली आहे. वितरकाकडून येणारे पैसे मुद्रणाचे असतात, या संस्थांचे त्याहून निराळे. जो स्वतःच लिहितो, चाल लावतो आणि गातो, त्याने दोन्हीकडे जावं.

आठवी पायरी: घरभाडं मंचावरून निघतं

आतापर्यंतच्या सात पायऱ्यांतून येणारा पैसा सुरुवातीला मोबाईलच्या रिचार्जएवढा असेल. गाणं हे कार्यक्रमाचं बोलावणं आहे. कडूबाई खरात एकतारीवर गात फिरायच्या. लोकांनी टिपलेल्या व्हिडिओंनी त्यांना महाराष्ट्रभर नेलं आणि मग मंचाची निमंत्रणं आली. व्ह्यूजचं रूपांतर सुपारीत करायचं तर व्हिडिओखालच्या माहितीच्या पहिल्याच ओळीत कार्यक्रमासाठीचा नंबर हवा. निम्म्या गाण्यांखाली तो सापडत नाही.

सुपारी घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या: तारीख, गाव, किती कलाकार, साउंड कोणाचा, गाडी-जेवण कोणाचं, निम्मा विसार आधी, उरलेले पेटीचा भाता सुटण्याआधी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सरकारने सूट दिलेले दिवस वेगळे. तेव्हा सुरू व्हायची वेळही लिहा; पाहुण्यांची भाषणं लांबली तर मानधन कमी होणार नाही, हेही.

आणि एक नवी अट घाला. आयोजकाचा कॅमेरावाला कार्यक्रम लाइव्ह करतो, उद्या तो त्याच्या चॅनेलवर जाहिरातींसकट असतो. तुमच्या संमतीशिवाय तुमच्या गाण्याचं मुद्रण करता येत नाही, हा कलाकाराचा हक्क आहे. परवानगी द्यायला हरकत नाही. बदल्यात मूळ फाइल मागा, आणि तिकडच्या माहितीत तुमच्या चॅनेलचा दुवा.

गाता गाता लोक दहा-पन्नासच्या नोटा आणून देतात, निवेदक नावं पुकारतो. आता खिशात नोटाच नसतात. पेटीच्या पुढच्या फळीवर यूपीआयचा क्यूआर ठळक छापून लावा, पार्टीच्या खात्याचा. एका कोरसवाल्याच्या खात्याचा लावाल तर रात्री परतीच्या गाडीत हिशेब संपत नाही.

शहरातला दुसरा पैसा हौशी गायकांकडे आहे. सायंटिफिक सभागृह असो की शंकरनगरचं साई सभागृह, जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम सतत चालू असतात, आणि गाणारे डॉक्टर, बँकेतले निवृत्त, गृहिणी स्वतः वर्गणी काढून गातात. यावर नाक मुरडणारे वादक मला माहीत आहेत. मला विचाराल तर ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्यांचे कोरडे महिने यांनीच भरून काढलेत. त्यांना ट्रॅकऐवजी चार वादकांचा ताफा घ्यायला पटवा, तालमीचे पैसे वेगळे सांगा.

आकाशवाणीची ऑडिशनही द्या. नागपूर केंद्र १९४८चं. बी, बी हाय, ए अशा श्रेणींचं मानधन ठरलेलं असतं, आणि ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे शब्द गावच्या समितीला अजून वजनदार वाटतात.

नववी पायरी: शिकवणी

नागपूरची सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ. तिथल्या मराठी घरांतली मुलं त्या वेळी मोकळी असतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर तानपुरा गोंगाट समजून दाबला जातो. ठेका तुम्ही धरू नका, आवाज उशिरा पोचतो. विद्यार्थ्याने त्याच्या बाजूला लावावा आणि तुम्ही ऐकावं. फी महिन्याची, आगाऊ.

दहावी पायरी: वही

दर महिन्याला एक पान. कुठून किती, कोणत्या गाण्याचे, कोणाला किती दिले. कंपन्या आणि संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात. रिटर्न भरलं तर बहुतेक कलाकारांना तो परत मिळतो, भरलं नाही तर सरकारजमा. पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं याच वहीसोबत ठेवा. पन्नाशीनंतर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसलात तर महिन्याला ५००० रुपये मिळतात, आणि तिथे पहिला प्रश्न पुराव्याचा असतो.

दसऱ्याच्या ऐकण्याचा पैसा दसऱ्याला येत नाही. दुकानं दोन-तीन महिने मागून हिशेब देतात, म्हणून पहिला खरा आकडा डिसेंबर-जानेवारीत दिसेल. तो आला की हिस्सापत्र काढून त्याच आठवड्यात वाटणी करा, रक्कम दोनशे रुपये असली तरी, आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट चौघांच्या ग्रुपवर टाका. आकडा अगदीच बारीक वाटला तर वितरक बदलता येतो. मात्र नव्याकडे गाणं चढवताना वहीतला जुनाच आयएसआरसी द्या, आणि नव्याकडे गाणं दिसायला लागल्यावरच जुन्याकडून उतरवा. नवा क्रमांक घेतलात तर आतापर्यंतची ऐकण्याची मोजणी शून्यावर येते.